हातमोजे न काढता

यास्ना, पहिला पगार झाला, म्हणून विचारतेस
कुठला घेऊ?
दुकानदाराला विचारू नकोस. त्याचे हात कोरडे असतात.
मला विचार.
पोर्वेनीरच्या या कारखान्यात खेकडे फोडता फोडता
माझे अकरा हंगाम गेले
आणि तीन प्लेअर.

पहिला कॅसेटचा. विटेएवढा.
एप्रनच्या खिशात घातला की एप्रन एका अंगाला कलायचा,
मी दिवसभर तिरकी चालायची, खेकड्यासारखीच.
पण बटणं!
पाण्यात, मिठात, जाड रबरी मोज्यातून दाबलं तरी
खट्.
इतकं स्वच्छ ‘हो’ मला आजवर कुणी म्हटलेलं नाही.
बाजू संपली की मात्र रडगाणं.
ओल्या हातांनी कॅसेट उलटणं म्हणजे
झोपलेल्या तान्ह्याची कूस बदलणं.
फीत बाहेर आलीच समज.

दुसरा तबकडीचा. भावानं, एलेउतेरिओनं,
पुंता अरेनासहून फेरीबोटीनं पाठवला,
लोकरीच्या पायमोज्यात गुंडाळून.
आवाज असा, की गाणाऱ्या बाईनं श्वास कुठं चोरला तेही कळावं.
पण टेबलावर टोपली आदळली की गाणं अडखळायचं,
आणि इथं मिनिटाला एक टोपली आदळते.
सबंध हंगामभर
मी सगळी प्रेमगीतं तोतरी ऐकली.

तिसरा नुसती काच. नाकापेक्षा मोती जड.
त्या काचेला बोट लागतं उघडं, कोरडं, ऊबदार.
तसं बोट माझ्याकडे फक्त रविवारी असतं.
मग मी नाकाच्या शेंड्यानं गाणं बदलायची.
मुकादम ऊबेर्तोला वाटलं, बाई खिसा हुंगते, काहीतरी चोरलंय.
बॅटरीचं तर विचारूच नकोस:
घरून निघताना भरलेली,
फाटकाशी येईतो वाऱ्यानं अर्धी खाल्लेली,
जेवणाच्या सुट्टीआधी मान टाकलेली.

आणि हा चौथा. आगपेटीएवढा.
पडदा नाही. पाठीला चिमटा. पोटावर एकच बटण,
मधोमध उंचवटा, डाळीच्या दाण्याएवढा.
एकदा दाबलं की थांबतो. दोनदा दाबलं की पुढं.
तीनदा दाबलं की मागं जातो म्हणे.
मी कधी गेले नाही. तिसऱ्या वेळेपर्यंत
हात पुन्हा सुरीकडे वळलेला असतो.
कुठलं गाणं लागणार ते त्याचं तोच ठरवतो.
पहिला आठवडा संताप झाला,
मग सवय झाली. इथला वारा तरी कुठं विचारून येतो?

एक खोट आहे. लपवत नाही.
कडेची खुंटी सैल. वाकलं की सरकते,
आणि मेला गायचं सोडून ऐकत बसतो.
आवाज भरून घ्यायची सोय आहे त्यात,
मला पत्ताच नव्हता.

गेल्या ऑगस्टात, दोन गाण्यांच्या मधे
एकाएकी पाणी. सुऱ्या. टोपल्या.
ऊबेर्तोची आरडाओरड. नोल्फाचा खोकला.
आणि त्या खोकल्यामागून
कुणीतरी बाई गात होती. बेसूर. मोकळ्या गळ्यानं.
मी मान वर करून पाहिलं, ही कोण?
रांगेत कुणाचेच ओठ हलत नव्हते.

माझेही नव्हते, कारण मी ऐकत होते.

म्हणजे अकरा हंगाम, कानात बोळे घालून,
मी मनातल्या मनात गातेय असं समजत होते.
सुट्टीत नोल्फाला धरलं: एकीनंही सांगू नये?
ती पाव मोडत म्हणाली,
‘सांगून काय? आमच्याकडे कुठं होता प्लेअर?’

ते पुसून टाकायला बटण पाच सेकंद दाबून धरावं लागतं,
तेही खुंटी नखानं मागं ओढून,
मोजा काढून.
राहिलंय तसंच. जमत नाही.

तू घेशील तो घे. फक्त दुकानात मोजे घालून जा.
हसतील, हसू दे.
आणि वायर एप्रनच्या आतून घेत जा पोरी,
बाहेर लोंबली की
खेकडा मेलेला असला तरी धरतो.