रिकामं मशीन

दम्माममध्ये शुक्रवार म्हणजे आमचा रविवार.
टायरच्या दुकानावर तिसरा मजला,
खिडक्यांना ब्लँकेटं,
दाराबाहेर चपलांचा एकच जोड.
बाकी एकोणीस जणांच्या चपला न्हाणीघरात, बादलीत.
हा नियम शांतवनदादांचा.
दुसरा नियमही त्यांचाच:
गीत सुरू होण्याआधी
वॉशिंग मशीन लावायचं. रिकामं.

ते फिरू लागलं की अख्खं घर
हिव भरल्यासारखं दात वाजवतं.
त्या खडखडाटाखाली आम्ही गातो,
घशातल्या घशात,
आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसं.
बांग झाली की थांबतो.
थांबा म्हणून कुणी सांगितलेलं नाही.
मी म्हणते, ही रीत.
रूबेन म्हणतो, ही भीती.
पुरावा दोघांकडेही नाही.

मारिसेल मनिलाची, माझ्याच वॉर्डात.
मराठीचा गंध नाही,
पण गीतातल्या रडायच्या जागा
तिला आमच्याआधी कळतात.

रूबेन साळवे एसी दुरुस्त करतो.
उपासनेतसुद्धा त्याच्या खिशात स्क्रूड्रायव्हर.
एकदा भाकर मोडायच्या आधीच बोलला,
"आपण काय चोरी करतोय का?
या गावातल्या निम्म्या बैठकी मी थंड ठेवतो
आणि माझ्या देवाला ब्लँकेटाआड घामात बसवतो."
शांतवनदादांनी चष्मा पुसला.
सव्वीस वर्षं काढलीत त्यांनी इथे,
दोन मुली उजवल्या, एक मंडळी सांभाळली.
"दार लावून केलेली प्रार्थनाही वर पोचतेच की, बाळा."
"पोचते दादा.
पण दार कुणी लावलं, यानं फरक पडतो."

त्यावर कुणी आमेन म्हटलं नाही.
नाहीसुद्धा म्हटलं नाही.

मग माघातल्या एका शुक्रवारी
दारावर थाप.
मशीन तेवढं बोलत राहिलं.
पाव फ्रिजमध्ये, शास्त्र तांदळाच्या डब्यात,
माझे हात माझ्याआधी शहाणे झाले होते.
दारात खालच्या मजल्यावरचे सुदानी काका,
अबू मुतासिम,
बोटांत जपमाळ, पायात रबरी सपाता.
"छत हिलता मेरा," म्हणाले. "बीवी बीमार."
मग आत आले, न विचारता,
मशीनपुढे वाकले,
गोल काचेतून पाहिलं.
आत काहीच नव्हतं.
त्या काहीच-नाहीकडे ते बराच वेळ बघत राहिले,
मग बादलीभर चपलांकडे,
मग आमच्याकडे.
"धीरे," म्हणाले,
आणि जिना उतरून गेले.

धीरे काय?
मशीन, की आम्ही?
दादा म्हणाले, ताकीद आहे, महिनाभर जमायचं नाही.
रूबेन म्हणाला, परवानगी आहे, दुसरं काय असतं परवानगी म्हणजे!
वाद चालला रात्री दहापर्यंत, कुजबुजत,
आणि मशीन बंद होतं म्हणून
पहिल्यांदाच ऐकू आलं
की आमच्यातल्या कुणाचाही आवाज
कसा आहे ते आम्हाला माहीत नाही.

मी सुट्टीवर आले, शेवगावकडे.
रविवारी संध्याकाळी आईनं पेटी काढली.
भात्याला ठिगळ, पण सूर शाबूत.
मी मोकळ्या गळ्यानं उचललं गीत
आणि पहिल्याच ओळीत अडखळले:
डावा हात भिंतीवर
बटण शोधत होता.

आईनं पाहिलं. काही बोलली नाही.
उठली, दार लोटलं, कडी घातली,
वर दिव्याचा आवाज कमी करतात तसा
पेटीचा एक स्वर दाबला.
"हल्ली लावते दार," म्हणाली,
"वारा येतो."

बाहेर चिंचेचं पानही हलत नव्हतं.