एकेचाळिसावी चकती

येऊरच्या पाड्यावर सुगंधाबाई वरठा
कुड्याची साल पेपरात गुंडाळून देतात.
"उनात नको घालूस, रुसते."
वहीत मी लिहिते: सावलीत वाळवली, अकरा दिवस.

रबाळ्याच्या गाळ्यात शेजारी बादल्या बनतात,
भिंत दिवसभर थरथरते.
काचेच्या उभ्या नळीत मी सिलिका भरते,
टिचक्या मारत, बुडबुडा राहू नये म्हणून.
वरून अर्क, चहाच्या गाळासारखा.
थेंब.
थेंब.
मग पट्टे सुटे होतात:
पिवळा घाईत उतरतो, हिरवा रेंगाळतो,
तपकिरी जागचा हलत नाही,
माझ्या चुलत्यासारखा, ज्यानं सिडकोच्या कागदावर
शेवटपर्यंत अंगठा दिला नाही.

चाळीस बाटल्या. चाळीस कागदी चकत्या
जंतूंच्या साईवर ठेवलेल्या.
रात्रभर सदतीस अंश.

सकाळी झाकणं उघडली तर
प्रत्येकीभोवती स्वच्छ गोल!
तपकिरीभोवतीसुद्धा!
तीन मिनिटं मी फार मोठी बाई होते.

मग दिसली एकेचाळिसावी, कोरी,
झाडाचं काही नसलेली, नुसती द्रावकात बुडवलेली.
तिच्याभोवतीही तेवढाच गोल.
घाईत मी चकत्या सुकूच दिल्या नव्हत्या.

दुपारी सुगंधाबाईंचा फोन: "लागू पडली का गं?"
म्हटलं, अजून साल लागेल.
"आता नाय. झाडाला जरा खपली धरू दे."

वहीत खोडायचं ते एकाच रेघेनं,
खालचं वाचता येईल असं,
बाजूला सही, तारीख.
मी रेघ मारते. भिंत थरथरते.
रेघ जरा वाकडी येते.