कपात शून्य

पहिल्या दिवशी मशीनने माझं बोट ओळखलं नाही.
उजवं लावलं, ओढणीला पुसून पुन्हा लावलं.
ऑफिसातला बिजू म्हणाला, क्रीम चोळत जा मॅडम,
इथल्या हवेत रेषा पुसट होतात.

सोहार. बंदराच्या अलीकडे
समुद्राचं पाणी गोडं करण्याचा कारखाना,
आणि त्यात मी, क्षार मोजणारी.
बाटलीत नमुना, बाटलीवर वेळ, वेळेखाली सही.
सहीसुद्धा नवी केलीय, आटोपशीर.
जुनीत अण्णांचं नाव मध्ये यायचं.

आठवडा इथे रविवारी सुरू होतो.
रविवारी पहाटे डबा भरताना
हात अजून बिचकतो,
कुणाची तरी सुट्टी चोरल्यासारखा.

महिनाअखेरीस पगाराची चिठ्ठी आली.
मूळ पगार, घरभाडं, प्रवास,
उजवीकडे कपातीचा रकाना,
आणि त्यात शून्य.
मी कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

अण्णा कुरुंदवाडला घरपट्टी वसुलीला होते.
सायकलच्या कॅरियरला पावतीपुस्तक, खिशात कार्बन.
त्यांना येताना बघून लोक दार लोटून घ्यायचे.
एकदा एका बाईंनी पैसे मोजून हातावर ठेवले
आणि विचारलं, गटार कधी?
अण्णांनी प्रश्न कागदावर उतरवला,
ऑफिसात दिला, त्यावर शिक्का बसला, आवक.
गटार व्हायला नऊ वर्षं गेली.
तरी जेवताना म्हणायचे,
पट्टी भरली ना तिने, म्हणून आवाज चढवता आला.

इथे गटार वाहत नाही. रस्ता असा
की कपातला चहा हलू नये.
फक्त माझ्या खिडकीसमोरचा दिवा
रात्रभर फडफडतो,
आणि मला कळत नाही
काहीच न भरणाऱ्या माणसाने
कुणाला विचारायचं.

गेल्या गुरुवारी दुकानातून झाडू, साबण, बल्ब घेतले.
पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात पाच टक्के,
एकशे चाळीस बैसा.
बैसा. आपल्या पैशाचाच कुणी चुलत भाऊ,
लहानपणी गलबतात बसून निघून आलेला.
ती पावती मी पासपोर्टमध्ये ठेवली.

आईचा फोन. नगरपालिकेची निवडणूक लागली.
यादीवाला मुलगा दारात उभा राहून वाचून गेला,
मगदूम श्रुतिका भूपाल, आहेत का?
आई म्हणाली, आहे की. बाहेर गेलीय.
जशी काही मी दळण आणायला गेलेय.
सहा महिने होईपर्यंत रजा मिळत नाही हे
तिला दोनदा सांगितलं.
बरं, म्हणाली, आणि पुन्हा विचारलं, शनिवारी येतेस?

सलमाने मागे मत दिलं होतं फोनवरून,
खजूर खाता खाता. तुमच्याकडे कसं, तिने विचारलं.
मी सांगितलं, रांग. शाळेतले बुटके बाक.
शाई.
कुठल्या बोटाला?
मी डावा हात पुढे केला, मग लगेच मागे घेतला.
हजेरीचं बोट उजवं. डावं
सध्या रिकामंच आहे.

त्या दिवशी दुपारी आईने फोटो पाठवला,
फक्त बोट. नखाच्या कडेला ओघळलेली शाई,
भेगेत कालच्या हळदीचा रंग.
बोटांनी ताणून ताणून मी तो एवढा मोठा केला
की रेषाच उरल्या.
आईच्या रेषा अजून पुसट नाहीत.

दुसऱ्या दिवशी सलमाला म्हटलं,
माझ्या दिव्याबद्दल दोन ओळी लिहून देशील अरबीत?
ती हसली. बल्बची पावती कशाला जोडतेयस?
असू दे म्हटलं.
खाली सही केली. हात आपोआप लांबत गेला,
मधलं नाव आलं.

दिवा अजून फडफडतोच आहे.
पण अर्जाची प्रत परत मिळाली, कोपऱ्यात निळा शिक्का.
काय लिहिलंय, मी सलमाला विचारलं.
वारिद, ती म्हणाली.
म्हणजे बाहेरून आलेलं. नोंद झालेलं.