वर जाता येईल का

एकच पान. पांढरं.
मधोमध एक शब्द, तळहाताएवढा:
हो. किंवा: नाही.
खाली बारीक अक्षरांत शेवटची वेळ.
लॉगिन नाही, लोगो नाही,
परवानगी मागणारी ती चिवट पट्टीही नाही.

केलं ते स्वतःसाठी.
वाल्पाराईसोत टेकडीवर राहायचं म्हणजे
दोनशे चौदा पायऱ्या, नाहीतर
रुळांवरून तिरकी चढणारी ती लाकडी पेटी,
जिला शंभरी उलटून गेलीय
आणि जी आठवड्यातून दोनदा रुसते.
माझा उजवा गुडघा गोदीच्या नोकरीत गेला.
खाली उतरण्याआधी मला एवढंच हवं होतं:
संध्याकाळी वर येता येईल का?

रविवारची एक दुपार, गार झालेला चहा,
अठ्ठेचाळीस ओळींचा कोड,
त्यातल्या अकरा भाच्याकडून उसन्या.
आणि लिफ्टवरच्या एलेउतेरियोच्या फोनवर
एक बटण, संत्र्याएवढं,
कारण वंगणानं भेगाळलेली त्याची बोटं
बारीकसारीक गोष्टी ओळखत नाहीत.
सकाळी चाक फिरलं की दाबायचं.
आडात तो, पोहऱ्यात मी.

कुणाला सांगितलं नव्हतं.
बेकरीच्या काचेवर कुणीतरी पत्ता चिकटवला, हातानं लिहून,
एक अक्षर चुकवून, मग खोडून.
नऊ जण. चाळीस. एका गुरुवारी पहाटे एकशे सहा.
घरात घालायच्या चपला
पाहुण्यांनी पायात सरकवून बाजारात जावं, तसं झालं मला.

मग चिठ्ठ्या.
अक्षर मोठं कर.
बहिणीला दिसत नाही, बोलून दाखवेल का?
'हो' हिरवं कर, आपल्या क्लबसारखं.
केलं. केलं. तेही केलं.

ऑगस्टात धुकं पायऱ्या गिळून बसलं होतं तेव्हा
एलेउतेरियो तापानं पडला.
लिफ्ट तळाशी उभी,
आणि माझं पान तीन दिवस म्हणत राहिलं, हो,
हिरवंगार, मोठ्या अक्षरांत, बोलूनसुद्धा.

चौथ्या दिवशी दार वाजलं.
दोन्या एदेल्मिरा, खांद्यावर पिठाची अर्धी गोणी.
पाणी मागितलं. बसली. श्वास जागेवर येईपर्यंत
भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिली.
"रोसाउरा, तुझं पान हो म्हणालं."
मी सर्व्हर, सिग्नल, असलं काहीतरी पुटपुटले.
"माणूस आजारी आहे," ती म्हणाली,
"एवढं कळायला काय लागतं त्याला?"

तीन ओळी लागल्या.
दहापर्यंत बटण दाबलं गेलं नाही, तर
तिसरा शब्द: ठाऊक नाही.
ओळी लिहायला पाच मिनिटं.
उरलेली रात्र त्या शब्दाच्या आकारात गेली.
'हो'पेक्षा लहान करवेना.
रंग राखाडी दिला, मग काढला, मग दिला.

पहिल्यांदा तो उमटला सप्टेंबरात, एका मंगळवारी.
सव्वादहाला एलेउतेरियोच्या दारात चार माणसं,
एकीच्या हातात सूप, एकाजवळ थर्मामीटर,
पियानो शिकवणारा मास्तर उगाचच आलेला.
तो झोपला होता, नुसता.
भयंकर चिडला.
दार उघडं ठेवून चिडला, सूप घेऊन चिडला,
आणि एका पायात बूट घालून खाली धावला.

दहा वाजून सव्वीस मिनिटं:
हो.