शिस्तमंत्री

घणसोलीच्या आमच्या शाळेत मंत्रिमंडळ होतं.
पाणीमंत्री टाकीचा नळ बंद करायचा,
सहलमंत्र्याला वर्षभर काम नसायचं,
आणि मी, नववी ‘ब’मधली, शिस्तमंत्री.
बुटांच्या खोक्यात पडलेल्या चिठ्ठ्यांतून
तीन मतांनी निवडून आलेली.

पारसिकच्या डोंगरामागून वर आलेलं ऊन
डोळ्यांत घेत शपथ घेतली.
ओढणीऐवजी लाल फीत मिळाली, खांद्यावरून तिरकी,
आणि एक वही, दोनशे पानी.

बाई ऑफिसात गेल्या की मी फळ्यापाशी उभी राहायची
आणि वर्ग गप्प होत जायचा,
खाडीला ओहोटी लागावी तसा, काठाकाठानं,
मागचा बाक सगळ्यात शेवटी.
मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.
फक्त डब्याच्या सुट्टीत मी जवळ गेले
की मुली हसणं गिळायच्या भाकरीबरोबर.

हेमांगी मढवी माझ्याच बाकावरची.
तिच्या जवळ्याच्या चटणीत माझा वाटा ठरलेला.
मी मंत्री झाल्यापासून तो ती
न बोलता झाकणात काढून ठेवायची,
जकात भरावी तशी.

गुरुवार. पांढऱ्या गणवेशाचा दिवस.
इतिहासाचा तास मोकळा.
मी पाठमोरी, फळ्यावर नावं लिहीत होते.
कुजबुज. वळले. हेमांगी.
नाव लिहिलं, पुढे फुली.
पुन्हा कुजबुज, पुन्हा फुली.
तिसऱ्या फुलीला ऑफिसात न्यायचं, असा नियम.
माझाच.
“चल,” मी म्हणाले.

ती उठली, ओढणी सोडवली,
आणि माझ्यामागे निघाली, इतकी चिकटून
की तिच्या बुटाचं टोक माझ्या टाचेला लागत होतं.
“लांब चाल.”
“नको,” ती म्हणाली. “आज पांढरा ड्रेस आहे.”

व्हरांड्यात पाचवीची पोरं भिंतीला सरकून
आम्हाला वाट देत होती.
मी ताठ चालले.
तिनं मला ताठ चालू दिलं.
ऑफिस उजवीकडे होतं. आम्ही डावीकडे वळलो.

मोरीच्या दाराआड माझ्या कमरेला ओढणी बांधताना
गाठ दातात धरून ती म्हणाली,
“पहिल्यांदा पॅड मागत होते कुणाकडे,
दुसऱ्यांदा ओढणीची पिन निघत नव्हती.
तिसरी फुली तेवढी खरी.
तिसऱ्यांदा तुला शिवी दिली.”

परतलो, तर बाई आलेल्या.
मी पटकन जागेवर बसले.
फळ्यावर तिचं एकटीचं नाव, तीन फुल्यांसकट.
“काय केलं हिनं?”
मला शपथ आठवली.
“बोलली,” मी म्हणाले.

तिला बाकावर उभं केलं.
“आणि ओढणी कुठाय तुझी?”
ती गप्प.
सगळ्यांना ठाऊक होतं कुठे आहे ते,
मागच्या बाकावरच्या मुलांनासुद्धा.
बाहेर कंपनीचा भोंगा झाला, थांबला.
सत्तेचाळीस जण. एक शब्द नाही.
इतका गप्प वर्ग
मी माझ्या वहीनं कधी केला नव्हता.

मी बसूनच राहिले.