बाकी पुढे

शपथ घेतली. खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही नाही.
आडनाव सोहोनी. पण चाळ मला मेहताजीच म्हणायची,
भाडं मागायला येणारा माणूस
मेहताजीच असतो, सोहोनी कसा असेल.

माझगाव, आशर बिल्डिंग, दुसरा मजला, खोली एकवीस.
रघुवीर तळवडेकर, गोदीत फिटर.
भाडं बेचाळीस रुपये साठ पैसे, पाणीपट्टी धरून.

आत्ता समोर बसलाय तो. चौऱ्याऐंशीचा.
मांडीवर तार, तारेला ओवलेल्या पावत्या,
कांद्याच्या सालीसारख्या झालेल्या,
एकोणपन्नास वर्षांच्या. एक नाही.
नोव्हेंबर शहाऐंशी.

तेवढ्या एका फटीतून
नीरवशेठचे वकील आत शिरलेत.
पावती नाही म्हणजे भाडं नाही,
भाडं नाही म्हणजे ताबा सलग नाही,
सलग नाही म्हणजे नव्या टॉवरात
चारशे पाच फूट नाहीत.

तळवडेकर सकाळपासून एकच वाक्य बोलतो:
पैसे पाकिटात घालून बायकोच्या हातात दिले होते.
बायको बारा साली गेली.
उरलो मी. समन्स डोंबिवलीला आलं,
सुनेनं सही करून घेतलं आणि विचारलं,
बाबा, तुम्ही काय केलंत?

काय केलं.
सात तारखेला खोली एकवीसच्या दारात उभा राहिलो.
द्वारकाबाईंनी पाकीट दिलं. मी मोजले.
चार दहाच्या, एक दोनाची, सुट्टे साठ.
पुस्तकात कार्बन सरकवला, तारीख घातली,
तेवढ्यात त्या म्हणाल्या, मेहताजी, थांबा जरा.

निर्मल बाळंत झालीय. नालासोपाऱ्याला.

निर्मल म्हणजे थोरली. तिचं नाव त्या घरात
दोन वर्षं कोणी घेतलं नव्हतं.
फोटो काढून टाकला होता भिंतीवरचा,
पण चुन्यात त्याचा चौकोन राहिला होता
आणि मी दर सात तारखेला तो बघत होतो.

रिकाम्या हातानं कशी जाऊ, एवढंच म्हणाल्या.
रडल्या वगैरे नाहीत. स्टोव्हवर वरण होतं,
मध्येच जाऊन ज्योत बारीक करून आल्या.

मी पाकीट परत दिलं.
तारीख घातलेलं पान फाडून खिशात टाकलं.
वहीत लाल शाईनं लिहिलं, बाकी पुढे.
डिसेंबरात, बाकी पुढे. मार्चअखेर, बाकी पुढे.
मुळराजशेठ चष्म्यावरून बघायचे, म्हणायचे,
तळवडेकर ना? देईल तो.
मग वही संपली, शेठ गेले,
नव्या वहीत ती ओळ मी उतरवली नाही.
पगार तेव्हा मला पाचशे ऐंशी होता.
भरता आले असते. हे इथं कोणी विचारत नाहीये.

वकील विचारतात, रक्कम तुमच्या हाती पडली होती का?

तळवडेकर माझ्याकडे बघतोय.
नातू त्या घरात पहिल्यांदा आला
तेव्हा पाच वर्षांचा होता म्हणतात.
पायात वाळे कोणी घातले होते याच्या,
हे म्हाताऱ्यानं कधीच विचारलं नसेल?
की विचारलं, आणि बाईंनी
वरणाखालची ज्योत बारीक केली?

पडली होती, मी म्हणालो.
मग?
मग जमा केली नाही. खाल्ली.

टंकलेखकानं 'खाल्ली' खोडून 'अपहार केला' असं केलं.
नीरवशेठनं मोबाईलमधून मान वर काढली.
तळवडेकरनं तार सावकाश पिशवीत ठेवली,
आणि बाहेर पडताना माझ्याजवळ येऊन,
मला एकट्यालाच ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला,
एवढी वर्षं मी तिच्यावर संशय घेतला, भडव्या.

धोबीतलावावर चहाच्या टपरीशी उभा राहिलो.
पाकीट परत घेताना सुट्टे साठ पैसे
बाईंनी माझ्या तळहातावर ठेवले होते,
चहा घ्या म्हणून. घेतला होता मी,
डॉकयार्ड रोडच्या कोपऱ्यावर, उभ्यानंच.
तेवढे खाल्ले.
तेवढ्यापुरती साक्ष खरी आहे.