फरक बिल

राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरचा माळा.
रात्रीचे साडेनऊ.
खाली मिसळवाल्याकडं कुणीतरी जादा कट मागतंय
आणि माझ्यासमोर दोन टेबलं उघडी:
एकात सभासद, सहाशे अकरा,
दुसऱ्यात वर्षाचं दूध, सकाळ-संध्याकाळ,
लिटर, फॅट, डिग्री.

दिवाळी आठ दिवसांवर. दूध संस्थेचे सचिव जोतिराम चौगले
दुपारपासून तिसऱ्यांदा फोनवर:
"म्याडम, फरकाची यादी हुतीया न्हवं?"

इम्तियाज जाताना म्हणाला, इनर जॉइन लाव आणि घरी जा.
लावला.
डोळा लवायच्या आत पाचशे त्र्याहत्तर ओळी,
दोन्हीकडं नाव असलेली माणसं,
आहेर देऊन पंगतीत बसल्यासारखी.
बेरीज बरोबर. दूध घातलं त्याला पैसे.
मग अडतीस जण गेले कुठं?
इनर जॉइन ते सांगत नाही.
तो कुणाला हाकलत नाही,
फक्त हाक मारत नाही.

लेफ्ट लावला. त्यानं वेळ घेतला,
म्हाताऱ्या पोस्टमनसारखा; घर बंद दिसलं तरी कडी वाजवणार.
सहाशे अकरा. अडतिसांपुढं नल.
शून्य म्हणजे किटली पालथी करून दाखवली, थेंब नाही.
नल म्हणजे किटलीच आली नाही
आणि का आली नाही, ते मशीनला कुणी सांगितलं नाही.

कागद वाचावा म्हणून मीच खाली अट घातली,
लिटर शून्याहून जास्त.
पुन्हा पाचशे त्र्याहत्तर!
दार सताड उघडं, आणि उंबऱ्यावर कुत्रं बांधलेलं.
एकटीच हसले. अट पुसली.

खरं तर इथं थांबायचं. चौगल्यांना एवढंच हवं होतं.
पण दुधाच्या बाजूनंही एकदा बघावं वाटलं.
फुल जॉइन.
पंखा घरघरला, स्क्रीन गोठली, मग
सहाशे चौदा.
तीन ओळी जास्तीच्या. दूध आहे, माणूस नाही.
कोड शून्य. कोड नऊशे नऊ. कोड सहाशे बारा:
एप्रिलचे अकरा दिवस, फक्त सकाळ,
दीड-दीड लिटर, फॅट नऊ पॉइंट चार.

फोन लावला.
"नऊ पॉइंट चार?" चौगले गप्प झाले.
"आटत आल्याली म्हस हाय ती. एप्रिलात...
अवो, बायाक्काची! बायाक्का मगदूम. नंबर बघा बरं तिचा."
दोनशे सोळा. अडतिसांतली.
दोन, एक, सहा. सहा, एक, दोन.
"नवं पोरगं हुतं मशीनवर, उलटं दाबलं असंल.
ती सीपीआरला हुती तवा, शेजारीण घालायची दूध.
मग म्हस गेली वडगावच्या बाजारात."
जरा थांबून: "म्हंजे तिचं दहा दिवसाचं बिलबी ऱ्हायलंय की."

साडेसोळा लिटर, लिटरला दोन रुपये फरक.
तेहेतीस रुपये.
कुठल्याच जॉइनला ती म्हैस ओळखता आली नसती.
पण साडेनऊलाच घरी गेले असते
तर चौगल्यांना विचारायला ओळच नसती हातात.

कोड दुरुस्त केला. नल आता सदतीस.
यादी लेफ्टनंच छापली, नलच्या जागी आडवी रेघ.
चौगले म्हणाले, रेघ बघून माणसं भांडत्यात.
भांडू देत.
उरलेल्या दोन ओळी शेवटच्या पानावर वेगळ्या दिल्यात.
शून्य म्हणजे बहुतेक मशीन तपासताना कुणी बटण दाबलं असेल.
नऊशे नऊचं दूध मात्र गाईचं, फॅट साडेतीन,
रोज, न चुकता, गणपतीपर्यंत.
त्यानंतर नाही.
कुणाचं, ते चौगल्यांनाही सांगता येईना.

खालचं शटर पडलं.